दुकानातला मेल घरातल्या कॉम्प्युटरवर का दिसत नाही?

आमचं पुढे दुकान, मागे घर. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकणारं कृषी केंद्र आहे. दुकानात एक कॉम्प्युटर, तो दादाचा. मागच्या खोलीत दुसरा, त्यावर वहिनी बिलं आणि जीएसटीचं काम करतात. तिसरा माझा लॅपटॉप. मी तालुक्याला कॉम्प्युटर शिकवतो आणि सुटीला गावी येतो. तिन्ही मशिनवर दुकानाचा एकच ई-मेल पत्ता.

मृगाचा पहिला चांगला पाऊस पडून गेला होता. त्या सकाळी बियाणं पुरवणाऱ्या कंपनीचा मेल आला, की सोयाबीनच्या अमुक लॉटची उगवण फेरतपासणीत कमी भरली आहे, विक्री लगेच थांबवा. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. दादा त्या दिवशी दुकानातला कॉम्प्युटर सुरू करून बाबांना घेऊन यवतमाळला दवाखान्यात गेला आणि दोन दिवस तिकडेच अडकला. मशीन मात्र सुरू होतं. मेलचा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी नवे मेल आपोआप ओढून घेत होता. काउंटरवरच्या पोराला त्या कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी नव्हती. वहिनी मागे बसून दिवसातून चार वेळा मेल तपासत होत्या. त्यांच्याकडे काहीच आलं नाही. दादा परत येईपर्यंत त्या लॉटच्या १४ बॅगा गेल्या होत्या.

"वहिनी, मेल पाह्यला नाही काय तुम्ही?" मी फोनवर विचारलं.

"भाऊजी, आलाच नाही तं पाहू कुठून?"

त्या खरंच बोलत होत्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो मेल कधी पोहोचलाच नव्हता. आम्ही घरोघर फिरून १२ बॅगा परत आणल्या. दोन बॅगा वावरात पेरून झाल्या होत्या, आणि त्या दोघांना दुबार पेरणी करावी लागली. कंपनीने बियाणं बदलून दिलं, पण ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी आणि वाया गेलेली ओल कोणी परत करू शकत नाही. तिन्ही मशिनवर मेल मीच बसवून दिला होता. चूक त्या बसवण्यात होती, आणि तशीच चूक आजही कितीतरी दुकानांत, सोसायट्यांत आणि घरांत तशीच पडून आहे. म्हणून ती नीट उलगडून सांगतो.

मेल असतो तरी कुठे?

आपल्याला वाटतं, मेल कॉम्प्युटरमध्ये येतो. तो आधी येतो मेल कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर. तिथे आपल्या पत्त्याच्या नावाची एक पेटी असते. आपल्या घरातला कॉम्प्युटर किंवा हातातला मोबाइल त्या पेटीशी बोलतो. बोलण्याच्या दोन पद्धती आहेत, एक पॉप (POP) आणि दुसरी आयमॅप (IMAP). सगळा घोळ या दोघींतल्या फरकाचा आहे.

दुकानातली उधारीची वही डोळ्यांसमोर आणा. वही गल्ल्याजवळ असते. दादा बसला की दादा त्यात लिहितो, वहिनी बसल्या की वहिनी. कोणी पैसे दिले की त्या नावापुढे खूण होते, आणि पुढचा माणूस ती खूण पाहून समजतो. आता समजा, वही गल्ल्यावर ठेवायची नाही, जो आधी येईल त्याने नवी पानं फाडून आपल्या खिशात न्यायची, असा रिवाज पडला. दादाच्या खिशातलं पान वहिनींना दिसणार नाही. गणपतरावांनी दादाजवळ पैसे दिले तरी वहिनी त्यांना पुन्हा पैसे मागतील. कोणी खोटं वागत नाही, तरी घरात भांडण होईल.

पान फाडून नेण्याची पद्धत म्हणजे पॉप. वही गल्ल्यावरच ठेवून सगळ्यांनी तिथेच वाचायची आणि तिथेच खूण करायची, ही पद्धत म्हणजे आयमॅप.

पॉप वाईट हेतूने बनवलेली नाही. तिचा पहिला आराखडा १९८४ चा, आणि आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती १९८८ ची. त्या काळात एका माणसाकडे एकच कॉम्प्युटर असायचा, आणि जोडणी टेलिफोनच्या तारेवरून, तीही महाग. जोडणी करायची, मेल उतरवून घ्यायचे, तार मोकळी करायची. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा इथेही डायल-अपच होतं. मिनिटामिनिटाचं बिल भरणाऱ्याला पॉप सोयीचीच होती. सर्व्हरवर जागाही थोडी असायची, त्यामुळे मेल उतरवला की तिथला पुसून टाकणं हा शहाणपणा होता. आज एका घरात तीन मशिन आणि चार मोबाइल आहेत. पद्धत तेव्हाची आहे, घर आताचं आहे.

आयमॅपचा विचार १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मार्क क्रिस्पिन यांनी मांडला. मेल सर्व्हरवरच राहू द्यायचा आणि कॉम्प्युटरने फक्त तो पाहायचा, हा त्याचा गाभा. म्हणजे दोन्ही पद्धती जवळपास एकाच वयाच्या आहेत. तरी आपल्याकडे पॉप इतकी वर्षं टिकली, कारण ज्याने ज्याने मेल बसवून दिला त्याने आपल्या गुरूकडून शिकलेलं तेच पुढे केलं. मीही तेच केलं होतं.

"सर्व्हरवर प्रत ठेवा" ही खूण पुरते का?

पॉपमध्ये एक सोय असते, की मेल उतरवल्यावरही सर्व्हरवर प्रत राहू द्यायची. अनेक जण सांगतात, तेवढी खूण केली की झालं. निम्मं काम होतं. प्रत्येक मेलला सर्व्हरवर स्वतःचा एक ओळख क्रमांक असतो. प्रत्येक कॉम्प्युटर आपण कोणते क्रमांक आणले ते लक्षात ठेवतो आणि नवे तेवढे आणतो. त्यामुळे मेल तिन्ही मशिनवर पोहोचेल, हे खरं.

पण दादाने तो वाचला, हे वहिनींना कळणार नाही. दादाने उत्तर दिलं तर ते उत्तर दादाच्याच मशिनमध्ये राहील, कारण पाठवलेले मेल पॉप सर्व्हरवर ठेवतच नाही. वहिनी तेच उत्तर दुसऱ्यांदा पाठवतील, कदाचित वेगळा आकडा लिहून. वितरकाला एकाच ऑर्डरचे दोन मेल गेले आणि दोन्हींत युरियाच्या गोण्यांची संख्या निराळी, असंही आमच्याकडे घडलं आहे. मी लॅपटॉपवर मेल पुसले, फोल्डरमध्ये लावले, तरी बाकी दोघांकडे पसारा तसाच. शिवाय जीमेलचा पॉपबाबत स्वतःचा स्वभाव आहे. एका मशिनने उतरवलेला मेल तो दुसऱ्या मशिनला आपोआप देईलच असं नाही. त्यासाठी वापरनावाच्या आधी इंग्रजीत "रीसेंट" हा शब्द आणि विसर्गासारखी दोन टिंबांची खूण (recent:) लावावी लागते, मग मागच्या ३० दिवसांचे मेल सगळ्यांना मिळतात. असे उपाय करत बसण्यापेक्षा मुळातली पद्धत बदललेली बरी.

आयमॅपमध्ये प्रत्येक मेलवर सर्व्हरवरच खुणा लागतात. वाचला, उत्तर दिलं, महत्त्वाचा आहे, अर्धवट लिहून ठेवला, पुसायचा आहे, अशा. दादाने दुकानात मेल उघडला की वहिनींच्या पडद्यावर त्याची ठळक अक्षरं साधी होतात. उत्तर दिलं की बाजूला छोटा बाण येतो. फोल्डर सर्व्हरवर, पाठवलेले मेल सर्व्हरवर, मसुदेही सर्व्हरवर. वहिनींनी मागच्या खोलीत अर्धा लिहिलेला मेल दादा दुकानात बसून पूर्ण करू शकतो. नवा मेल आल्याचं कळायला दर दहा मिनिटांनी विचारत बसावं लागत नाही. जोडणी उघडी ठेवली तर सर्व्हर स्वतःच सांगतो.

नेट गेलं तर? आमच्याकडे लाइन रोज जाते, आणि कुठे रस्ता खोदला की केबलही तुटते. पण आयमॅप म्हणजे हातात काहीच नाही, असं नाही. थंडरबर्ड किंवा आउटलुक यांसारखे मेलचे प्रोग्राम प्रत्येक मशिनवर मेलची एक प्रत उतरवून ठेवू शकतात. नेट नसताना जुने मेल वाचता येतात, उत्तर लिहून ठेवता येतं. नेट आलं की खुणा आणि उत्तरं सर्व्हरशी जुळवली जातात.

एक धोका मात्र घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगायला हवा. वही एकच आहे, म्हणून एकाने पान फाडलं की ते सगळ्यांचं गेलं. माझ्या पुतण्याने मोबाइलमधली जागा मोकळी करायची म्हणून एकदा मेल पुसायला घेतले होते. त्याला वाटलं, मोबाइलमधले पुसतो आहे. जीमेलमध्ये पुसलेले मेल ३० दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतात, म्हणून ते परत मिळाले. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे, की दुकानाचा मेल कोणी पुसायचा नाही, काम झालं की "झालं" नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा.

जो रस्ता सोपा वाटतो पण धरू नये

घरातले कॉम्प्युटर राउटरला, म्हणजे घरात नेट वाटणाऱ्या यंत्राला, जोडलेले असतात, एका मशिनचं फोल्डर दुसऱ्यावर उघडता येतं. मग दुकानातल्या कॉम्प्युटरमधली मेलची फाइलच शेअर करून टाकली आणि तिन्ही मशिनला तीच उघडायला लावली तर? हा विचार माझ्याही मनात आला होता. हुशार माणसांनाच तो सुचतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

मेलचा प्रोग्राम हजारो मेल एका मोठ्या फाइलमध्ये ठेवतो. आउटलुक पॉपचे मेल पीएसटी प्रकारच्या फाइलमध्ये साठवतं. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरमधले सगळे मेल एकाच फाइलमध्ये एकापुढे एक लिहीत जातं आणि सोबत कोणता मेल कुठे सुरू होतो याची सूची ठेवतं. ही फाइल एका वेळी एकाच प्रोग्रामने लिहावी, असं गृहीत धरलेलं असतं. दोघांनी एकदम लिहायला घेतलं, तर सूची एक सांगते आणि फाइलमध्ये दुसरंच असतं. प्रोग्राम म्हणून फाइलला कुलूप लावतो, म्हणजे दादाने उघडली की वहिनींना ती उघडतच नाही. कुलूप चुकलं तर फाइल बिघडते. त्यातच लिहिणं चालू असताना लाइन गेली की अर्धीच नोंद राहते. एका नोंदीच्या बिघाडाने पाच वर्षांचे मेल उघडेनासे होऊ शकतात. पीएसटी फाइल नेटवर्कवरून उघडून वापरू नका, असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगतं. फाइल शेअर करायची नसते, पेटी शेअर करायची असते. ते काम आयमॅपचा सर्व्हर करतो, कारण एका वेळी अनेकांशी बोलण्यासाठीच तो बनवला आहे. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्या देतो. तीन मशिन आणि दोन-तीन मोबाइलला सहसा त्या पुरतात, पण एकेक प्रोग्राम एकाहून जास्त जोडण्या उघडतो, हे लक्षात असू द्या.

बदल करायचा तो असा

आधी जुन्या मशिनवर आपोआप मेल तपासणं बंद करा, म्हणजे काम चालू असताना आणखी पानं फाटणार नाहीत. मग मेलची सगळी फाइल किंवा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. ही पायरी टाळू नका, घाईच्या दिवसांत तर मुळीच नाही. पेरणीच्या किंवा पोळ्याच्या आठवड्यात हे काम काढूच नका.

पॉपचं खातं बदलून आयमॅप करता येत नाही. त्याच पत्त्याचं नवं खातं आयमॅप म्हणून शेजारी जोडावं लागतं. आजचे प्रोग्राम पत्ता टाकला की बाकीची माहिती स्वतःच शोधतात. हाताने भरायची वेळ आलीच तर सुरक्षित आयमॅपचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, ९९३, पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. ९९५ दिसला तर समजा की तुम्ही पुन्हा पॉपच बसवताय.

मग जुन्या खात्यातले मेल नव्या खात्याच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. कॉपी, मूव्ह नाही. ते तुमच्या मशिनवरून सर्व्हरवर चढतात, आणि गावातल्या नेटची चढायची गती बहुतेक वेळा उतरायच्या गतीपेक्षा कमी असते. मी २००-३०० मेल एका वेळी घेतले, रात्री लाइन स्थिर असताना. तीन मशिनचे मिळून सगळे चढवायला नऊ रात्री लागल्या. एकाच मेलच्या दोन-तीन प्रती होतात, त्या नंतर निवांत काढता येतात. जागाही आधी पाहून घ्या. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी मिळतात, पण त्यातच ड्राइव्ह आणि फोटोही बसतात. लग्नाचे फोटो त्या खात्यात असतील, तर बीजकांना जागा उरत नाही. हीच वेळ आहे दुकानाचा पत्ता आणि घराचा पत्ता वेगळे करायची.

पासवर्डचंही तसंच. एक पासवर्ड कागदावर लिहून सगळ्यांना देणं मला पटत नाही. तो बदलायची वेळ आली की सगळ्यांची कामं अडतात. आता थंडरबर्ड आणि आउटलुक गूगलचं लॉगिन पान उघडून परवानगी घेतात, पासवर्ड मशिनमध्ये साठवत नाहीत. लॅपटॉप चोरीला गेला तर खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन फक्त त्या मशिनचा प्रवेश काढून टाकता येतो. जुना प्रोग्राम असेल तर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून त्या मशिनपुरता वेगळा १६ अक्षरी अॅप पासवर्ड काढता येतो. कोणाला फक्त वाचायला आणि उत्तर द्यायला बसवायचं असेल, तर जीमेलमध्ये आपलं खातं दुसऱ्याच्या स्वाधीन करायची सोय आहे. साध्या खात्याला अशी १० माणसं जोडता येतात, आणि त्यांना आपला पासवर्ड कळत नाही.

घरातच स्वतःचा मेल सर्व्हर ठेवावा का?

हा प्रश्न माझे विद्यार्थी नेहमी विचारतात, आणि मला तो आवडतो. जुन्या कॉम्प्युटरवर किंवा रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या मशिनवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची. फेचमेलसारखा एक प्रोग्राम बाहेरच्या पेटीतून मेल एकदाच आणतो. डव्हकॉट नावाचा दुसरा, २००२ पासूनचा आणि फुकट, तेच मेल घरातल्या सगळ्या मशिनला आयमॅपने दाखवतो. इथे पॉपचा उपयोग योग्य जागी होतो, कारण पान नेणारा एकच आणि तो ते सगळ्यांच्या वहीत लावतो. २० एमबीचं दरपत्रक नेटवरून एकदाच उतरतं, पुढे घरातल्या तारेवरून झटकन उघडतं. नेट दोन दिवस गेलं तरी घरातली पेटी चालू.

पण तिला इन्व्हर्टर लागतो, राउटरमध्ये तिचा घरातला पत्ता, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारा, पक्का करून ठेवावा लागतो, डिस्क खराब झाली तर जबाबदार आपणच. आणि ते पत्ते घराच्या भिंतीबाहेर चालत नाहीत. दादा वावरात असताना मोबाइलवर ती पेटी उघडणार नाही. त्यासाठी राउटरमधून बाहेरच्या जगाला दार उघडून देणारे असतात. मी तुम्हाला ते करू देणार नाही, कारण उघडं दार शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस इंटरनेटवर फिरत असतात. शिकायचं असेल तर घरातला सर्व्हर जरूर करून पाहा. दुकान त्यावर चालवायचं असेल, तर आधी रोज देखभाल करणारा माणूस ठरवा. आमच्या घरी मी रोज नसतो, म्हणून आम्ही तो केला नाही.

प्रतीचा प्रश्न मात्र राहतोच. आयमॅप सगळीकडे सारखं दाखवतो, म्हणजे चुकीचं पुसणंही सगळीकडे सारखं पोहोचवतो. वहिनींच्या मशिनवर महिन्याच्या शेवटी आम्ही त्या महिन्याचे मेल थंडरबर्डच्या "लोकल फोल्डर्स"मध्ये कॉपी करतो आणि ते फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतो. तिथवर आयमॅपचा हात पोहोचत नाही. डिस्क दुकानात नाही, बहिणीच्या घरी दिग्रसला असते.

सगळे मेल चढले, तिन्ही मशिनवर सारखे दिसतात याची खात्री झाली, की जुनं पॉपचं खातं प्रत्येक मशिनमधून काढून टाका आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये पॉप बंद करा. आम्ही दोन मशिनमधून काढलं आणि तिसऱ्यातलं विसरलो होतो. तो दुकानातला कॉम्प्युटर पुढे बंद पडला, पुतण्याने दुरुस्त करून अभ्यासाला घेतला, त्यात ते तसंच होतं, मेल ओढून सर्व्हरवरचा पुसायच्या खुणेसकट. आधी पॉप बंद केलेलं असल्यामुळे त्याला काही ओढता आलं नाही. पडद्यावर लॉगिन चुकल्याची सूचना आली आणि त्याने ती मला फोटो काढून पाठवली.